कुणाला लागलं नाही, तरी चौकशी कशी करायची

चेन पुलीवरून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, सुटून खाली आपटतं. जवळ कुणी नसतं, म्हणून सगळे ‘देव पावला’ म्हणतात आणि दुसरं कास्टिंग लावतात. मी हवाई दलात एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं, काम करून आलो, आता कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्स बघतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, असा प्रसंग वाया घालवू नका. माणूस जखमी झाला तर आधी दवाखाना आणि मग कायद्यानं कळवायचं ते, तो मार्ग वेगळा. इथं सांगतोय ते थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांचं.

पहिल्यांदा सीसीटीव्हीकडं पळा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, जुनं पुसून त्यावरच नवं लिहीत असतो. विमानातला कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरही तसाच चालतो. 5 जानेवारी 2024 ला अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737 मॅक्स 9 चा डोअर प्लग, म्हणजे न वापरलेल्या दाराच्या जागी बसवलेलं झाकण, हवेतच उडाला. विमान सुखरूप उतरलं, पण रेकॉर्डर चालूच राहिला. त्यात दोन तासांचंच बोलणं मावत होतं, त्यामुळं नेमकं त्या वेळचं पुसलं गेलं. तपास करणाऱ्यांना ते मिळालंच नाही. म्हणून फुटेज लगेच पेन ड्राइव्हवर घ्या. काही हलवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. तुटलेला तुकडा झाडलोटीत भंगारात जाऊ देऊ नका, पिशवीत घालून तारीख लिहा.

मग घड्याळं जुळवा. डीव्हीआरची वेळ एक, मशिनच्या पॅनेलची दुसरी. विमानाच्या तपासात पायलटनं रेडिओचं बटण दाबल्याची खूण उड्डाणाची आकडेवारी नोंदवणाऱ्या डेटा रेकॉर्डरमध्ये सापडते आणि त्याचं बोलणं व्हॉइस रेकॉर्डरमध्ये. त्यावरून दोन्ही नोंदी एका वेळेवर आणतात. आपल्याकडं वीज गेलेली असेल तर काम सोपं. फुटेजमध्ये दिवे जातात, पॅनेलवर ट्रिप, म्हणजे मशिन बंद पडल्याची नोंद, दिसते, तीच दोन्हीकडची खूण धरा.

आता माणसांशी बोलायचं. एकेकट्याशी, शक्यतो जागेवर, चहा सांगून. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. विमान अपघातांच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे 1951 सालचं अ‍ॅनेक्स 13, स्पष्ट सांगतं की तपास फक्त पुढचा अपघात टाळण्यासाठी, दोष ठरवण्यासाठी नाही. नोकरी जाईल या भीतीनं माणूस गप्प बसला की खरं कारण त्याच्याबरोबरच गप्प बसतं. ‘काय दिसत होतं? काय ऐकू आलं? हात कुठं होता?’ असं विचारा.

हेल्परला मुद्दाम विचारा, ‘तुला आधी काही खटकलं होतं का?’ 22 मे 2010 ला मंगळूरला विमान धावपट्टीपलीकडं दरीत गेलं, 158 जण गेले. सहवैमानिक उतरू नका, पुन्हा वर घ्या असं सांगत होता, तरी कॅप्टननं विमान खाली नेलं. आपल्या शेडमध्ये कालच आलेल्या पोराला उस्तादाला ‘थांबा’ म्हणता येतं का, हे चौकशीत कळलंच पाहिजे.

कारण शोधताना पहिल्या उत्तरावर थांबू नका. 10 जून 1990 ला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, तो वाचला. उड्डाणाच्या सुमारे 27 तास आधी काच बदलली होती. 90 पैकी 84 बोल्ट जेमतेम 0.66 मिलिमीटरनं बारीक होते. बसवणाऱ्यानं चुकीचे बोल्ट घेतले, एवढं लिहून फाइल बंद करता आली असती. तपास पुढं गेला. रात्रपाळी, माणसं कमी. बोल्ट ठेवले होते तिथं उजेड अपुरा. त्यानं जुना बोल्ट हातात धरून नजरेनं जोडी लावली, कॅटलॉग बघितला नाही. शिवाय अशा कामाची दुसऱ्याकडून तपासणी करायची पद्धतच नव्हती. माणूस बदलला असता तरी हे सगळं तिथंच राहिलं असतं.

आमच्या कास्टिंगचंही असंच निघालं. शॅकलच्या, म्हणजे साखळीला वजन जोडणाऱ्या कडीच्या, पिनेऐवजी कुणीतरी साधा बोल्ट घातला होता. का, तर पिना कपाटात कुलूपबंद, चावी दिवसपाळीच्या स्टोअरकीपरकडं, आणि साधे बोल्ट उघड्या डब्यात हाताशी.

म्हणून उपाय लिहिताना ‘कामगारांनी काळजी घ्यावी’ हे वाक्य खोडा. त्यानं काहीच बदलत नाही. ‘रात्रपाळीच्या सुपरवायझरकडं दुसरी चावी, जबाबदार अमुक, तारीख तमुक’ असं लिहा, आणि त्या तारखेला स्वतः जाऊन बघा.

कागद मालकाकडं जायच्या आधी ज्याच्या हातून ते झालं त्याला वाचायला द्या. विमान अपघाताच्या अहवालाचा मसुदाही संबंधित देशांना आधी पाठवतात आणि म्हणणं मांडायला साठ दिवस देतात. आपल्याला दोन दिवस पुरतात. त्याला काही पटलं नाही तर ते त्याच्याच शब्दांत खाली जोडा, मग कागद बोर्डावर लावा. बोर्डावर कुणाचं नाव नको.