सीमाभागात मुलाखत घेताना

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील एखाद्या गावात संशोधनासाठी मुलाखत घ्यायची असेल, तर पहिल्या भेटीत वही उघडू नये. आपण कोण, माहिती कुठे वापरणार आणि नाव छापणार की नाही एवढे सांगून चहा घ्यावा व त्यांच्या सोयीची वेळ विचारून परतावे. भातलावणीच्या दिवसांत खानापुराकडे दुपारी कोणी घरी सापडत नाही, आणि निपाणीत विडी वळणाऱ्या बाईचे हात बोलतानाही थांबत नाहीत, म्हणून तिच्या सुपाशेजारी बसूनच ऐकावे. रेकॉर्डर मात्र परवानगीशिवाय सुरू करू नये.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेचा विषय इथे अजून जिवंत आहे. ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असे थेट विचारले, की माणूस मनातले सांगत नाही, आपल्याला हवेसे वाटणारे उत्तर देतो. त्याऐवजी ‘तालुक्याहून आलेला कन्नड कागद कोणाकडून वाचून घेता?’ असे विचारावे; मग गोष्ट आपोआप उलगडते. बोलण्यात कन्नड शब्द आला तर टिपणात त्याचे प्रमाण मराठी करू नये, कारण पुष्कळदा तोच शब्द पुराव्याच्या मोलाचा असतो. दुभाषी लागलाच तर गावचा पुढारी नेऊ नये (त्याच्यादेखत घरची सून काय बोलणार?). निघण्यापूर्वी टिपण वाचून दाखवावे आणि जे वाक्य काढा म्हणतील, ते त्यांच्यासमोरच खोडावे.