सिडनीत पहिल्यांदाच चार-पाच दिवस? या चुका टाळा

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की भारतातून फोन सुरू होतात. "सिडनीला येतोय, पाच दिवस आहेत, एवढा प्लॅन बघून दे ना." मी बघते, आणि दरवेळी तेच समोर येतं: कुठल्यातरी रीलवरून उचललेली यादी, दिवसाला सहा ठिकाणं, आणि मधल्या जाण्यायेण्याचा कुठे हिशोबच नाही. सिडनीच्या वेस्टमीड उपनगरात राहून इतके पाहुणे फिरवले आहेत की कोणाची सहल कुठे बिघडणार हे आता आधीच दिसतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते आहे.

"आलोच आहोत तर..."

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एवढं तिकीट काढून आलोय तर ग्रेट बॅरियर रीफही करू, मेलबर्नही करू, जमलं तर उलुरू, म्हणजे वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक. नकाशावर हे सगळं एका देशात दिसतं, म्हणून जवळ वाटतं. रीफसाठी जिथे जातात ते केर्न्स सिडनीहून विमानाने तीन तास. उलुरू त्याहून जास्त. मेलबर्न रस्त्याने पावणेनऊशे किलोमीटर, विमानाने दीड तास. पण विमानतळावर जाणं, थांबणं, उतरून हॉटेल गाठणं धरलं की अर्धा दिवस संपलेला असतो.

माझ्या मावसभावाने असाच प्लॅन केला होता. तो, वहिनी, दोन मुलं आणि माझी मावशी. मी फोनवर सांगितलं, "अरे, पाच दिवसांत तीन शहरं नको करूस, मावशीचं वय बघ." तो म्हणाला, "ताई, सगळं बुक झालंय, नॉन-रिफंडेबल आहे." सिडनीत उतरले, दुसऱ्या दिवशी केर्न्स. रीफवर जायच्या दिवशी वारा जोरात होता. बोट गेली, पण जाताना दीड तास मावशी आणि धाकटा उलट्या करत होते. पाण्यात कोणी उतरलंच नाही. त्यानंतर पहाटेचं मेलबर्नचं विमान. इथल्या स्वस्त विमानांत केबिन बॅगेला माणशी सात किलोची मर्यादा असते आणि गेटवर खरोखर वजन करतात, तिथे पैसे गेले. मेलबर्नचा पहिला दिवस सगळे हॉटेलात झोपून होते. परतीच्या आदल्या रात्री माझ्याकडे जेवायला आले, तेव्हा मावशीने मला विचारलं, "ते ऑपेरा हाऊस नक्की कुठलं गं? आपण बघितलं का?" टॅक्सीतून जाताना दिसलं होतं म्हणे. तिला गुडघ्यांचा त्रास, वय सत्तरीच्या पुढे. ती पुन्हा इतक्या लांब येणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पाच दिवस असतील तर फक्त सिडनी. मी कागद घेते आणि प्रत्येक दिवसापुढे एकच मोठी गोष्ट लिहिते. दुसरी लिहायची नाही, कितीही मोह झाला तरी. हार्बरला दोन दिवस, समुद्राला एक, ब्लू माउंटन्स या जवळच्या डोंगरांना एक, आणि एक दिवस कोरा. कोऱ्या दिवशी पाऊस आला तर म्युझियम, नाही आला तर जे आवडलं ते पुन्हा. घाईत असलेल्या माणसाला कोरा दिवस म्हणजे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. मी म्हणते, तोच दिवस मुलांच्या लक्षात राहतो.

पहिल्या दोन दिवसांत सकाळी सातची कुठलीही टूर घेऊ नका. सिडनीचं घड्याळ आपल्यापुढे आहे: त्यांच्या हिवाळ्यात साडेचार तास, ऑक्टोबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच. म्हणजे रात्री झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. सकाळी सातला तुमच्या शरीरात पहाटेचे अडीच किंवा दीडच वाजलेले असतात.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना मॅनली या किनाऱ्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसवते. शहरातल्या सर्क्युलर की या धक्क्यावरून निघते, अर्धा तास लागतो, आणि बस-ट्रेनला चालतं तेच कार्ड चालतं. जाताना उजव्या बाजूला बाहेर उभे राहा. ऑपेरा हाऊस अगदी समोरून सरकत जातं, मागे हार्बर ब्रिज. मध्ये नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांच्या फटीतून उघडा पॅसिफिक दिसतो, तिथे बोट हलते, घाबरायचं नाही. परत येताना दिवे लागणीची वेळ साधा. यानंतर महागड्या हार्बर क्रूझची गरज मला तरी कधी वाटलेली नाही. पुलावर चढण्याच्या टूरलाही बरेच पैसे पडतात. पुलावरून चालत जायला काही पडत नाही. अलीकडच्या 'द रॉक्स' या जुन्या वस्तीकडून वर चढा आणि पलीकडे मिल्सन्स पॉइंटला उतरा.

समुद्र आपल्या सवयीचा समजणं

याबद्दल मी कोणाचं काही ऐकून घेत नाही. अलिबाग-गुहागरला गुडघाभर पाण्यात उभं राहून लाटा अंगावर घेणारी आपण माणसं. त्याच अंदाजाने सिडनीच्या प्रसिद्ध बॉन्डाय किनाऱ्यावर पाण्यात उतरतात. इथल्या किनाऱ्यांवर रिप असतात: लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत आत जातं, आणि माणसालाही नेतं. वाईट भाग असा की त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. म्हणजे नवख्या माणसाला जी जागा सगळ्यात शांत दिसते, तीच बहुतेक वेळा सगळ्यात धोक्याची असते.

माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा ठाण्याहून आला होता. कॉलेजातला, पोहण्याच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेला. लाइफगार्ड लक्ष ठेवतात त्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये गर्दी होती, म्हणून तो दक्षिण टोकाला मोकळ्या पाण्यात गेला. त्या जागेला 'बॅकपॅकर्स रिप' म्हणतात, कारण बसमधून उतरलेले पर्यटक जवळ पडतं म्हणून थेट तिथेच पाण्यात शिरतात. दोन-तीन मिनिटांत त्याचे पाय सुटले. तो सरळ किनाऱ्याकडे पोहत राहिला, आणि सगळं बळ लावूनही मागेच जात राहिला. किनाऱ्यावर त्याची आई त्याचे फोटो काढत होती. तिला वाटलं तो मजेत पोहतोय. शेवटी त्याने हात वर केला, लाइफगार्ड मोठा बोर्ड घेऊन गेला आणि त्याला आणलं. वाळूवर बसल्यावर किती तरी वेळ त्याला बोलता येत नव्हतं. चांगलं पोहता येणाऱ्याची ही गत.

हाच तो बॉन्डाय, जिथे 6 फेब्रुवारी 1938च्या रविवारी एकापाठोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी सुमारे अडीचशे माणसं एकदम आत ओढली आणि पाच जणांचा जीव गेला. हजर असलेल्या लाइफसेव्हरांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. इथे झेंड्यांना मान आहे तो अशा दिवसांमुळे.

तर नियम साधा: झेंडे असतील तिथेच, त्यांच्या मध्येच. झेंडे नसतील तर पाण्यात जायचं नाही. ओढले गेलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, मदत येते. लहान मुलं किंवा पोहता न येणारे बरोबर असतील तर मी त्यांना उघड्या समुद्रात नेतच नाही. बॉन्डायजवळच्या ब्रॉन्टी किनाऱ्याला खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे, फुकट. मॅनलीहून शेली बीचकडे चालत जाताना फेअरी बोअरचा छोटा तलाव लागतो, तो मुलांना फार आवडतो. बॉन्डाय ते कूजी ही कड्यावरची वाट सहा किलोमीटरची आहे. आईवडील बरोबर असतील तर ब्रॉन्टीपर्यंतच जा, सुंदर भाग तेवढ्यातही मिळतो.

राहण्याची जागा

"पत्त्यात सिडनी लिहिलंय" म्हणून हॉटेल घेऊ नका. परामाटा हा भाग सिडनीच्या मध्यापासून वीसेक किलोमीटर आत आहे आणि त्याच्या पुढेही सिडनी कितीतरी पसरलंय. नातेवाईक बहुधा तिकडेच राहतात, आणि "हॉटेल कशाला, घर आहे ना!" असा आग्रह होतो. आग्रह खरा असतो, पण रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास मोडतात आणि संध्याकाळचं हार्बर बघायचं राहून जातं. मी सुचवते ते असं: आधी तीन रात्री सेंट्रल किंवा विनयार्ड स्टेशनच्या आसपास, आणि मग उरलेले दिवस नातेवाईकांकडे. हॅरिस पार्क या तिकडच्या भारतीय वस्तीत जेवण, गप्पा, सगळं तेव्हा करा. कोणी रुसत नाही, निदान माझ्याकडे तरी कोणी रुसलेलं नाही.

विमानतळावरचा फॉर्म

आईने दिलेले पेढे, बियाणं, कढीपत्ता, ताजी फळं. ऑस्ट्रेलिया शेतीला रोग लागू नये म्हणून या बाबतीत फार कडक आहे, आणि भारतातल्या दुधाच्या मिठाईला बंदी आहे. फॉर्मवर खाण्याचं सगळं जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर जागेवरच मोठा दंड, आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. "कोण बघतंय" म्हणणारे भेटतात. कुत्रे बघतात, एक्स-रे बघतो. भाकरवडीपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं हॅरिस पार्कला मिळतं, आईला हे सांगा.

कार्ड आणि भाडं

एका कार्डावर चौघांचा प्रवास होत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. बँकेचं टॅप होणारं कार्डही चालतं, पण त्यावर मोठ्यांचं भाडं कापलं जातं. म्हणून 4 ते 15 वयाच्या मुलांसाठी मुलांचं ओपल कार्ड (इथलं बस-ट्रेन-बोटीचं कार्ड) घ्या. चढताना ज्या कार्डाने टॅप केलं, उतरताना त्याच कार्डाने. फोन आणि कार्ड अदलाबदल केलं की दोन्हीकडून जास्त पैसे जातात. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि शुक्रवार-शनिवार-रविवारी ती इतर दिवसांच्या साधारण निम्मी. फेरीबोटीचे दिवस त्या तीन वारांवर टाका. विमानतळाच्या स्टेशनचं जादा शुल्क मात्र या मर्यादेत येत नाही, आणि ते माणशी पंधरा डॉलरच्या वर आहे. चौघे असाल तर टॅक्सीचा हिशोब करून बघा.

बाकीच्या, थोडक्यात

भाड्याची गाडी शहरात घेऊ नका. पार्किंग महाग, टोल सगळे इलेक्ट्रॉनिक, आणि हातात फोन दिसला तरी कॅमेरा टिपतो.

मे-जूनमध्ये उन्हाळी कपडे भरून येऊ नका. तिथे तेव्हा थंडी सुरू होते आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या महिन्यांत कड्यांवरून व्हेल दिसतात, दुर्बीण आणा.

ऊन आपल्याला लागत नाही हा समज सोडा. ढगाळ दिवशीही SPF 50 लावा, टोपी घाला.

बाटलीचं पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम आहे.

कॅफे दुपारी तीनच्या सुमारास आणि बरीच दुकानं सहापर्यंत बंद होतात. खरेदी गुरुवारी करा, त्या दिवशी उशिरापर्यंत चालू असतात.

ब्लू माउंटन्सला सेंट्रलहून कटूंबापर्यंत ट्रेनने दोन तास लागतात. थ्री सिस्टर्स हे तिथले प्रसिद्ध तीन सुळके धुक्यात पूर्ण झाकले जातात, म्हणून तारीख आधी ठरवू नका. आदल्या रात्री हवामान बघून ठरवा. आणि शनिवार-रविवारी जाणार असाल तर ट्रिपव्ह्यू ॲपवर ट्रेन खरंच धावते आहे ना ते बघा, कारण रुळांची कामं नेमकी वीकेंडला निघतात आणि ट्रेनऐवजी बस लावलेली असते. दोन तासांचे मग तीन होतात.