पुतळ्याचे छायाचित्र विकण्यापूर्वी या चुका टाळा

चौकातला पुतळा सर्वांचा, तेव्हा त्याचे छायाचित्र कसेही वापरावे, असे काही जण मानतात. तर काही जण शिल्पकाराच्या धास्तीने ते छापायचेच टाळतात. दोघांनीही कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 52(1)(टी) शब्दशः वाचलेले नसते. सार्वजनिक जागी किंवा लोकांना प्रवेश असलेल्या आवारात कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हे या कलमानुसार उल्लंघन ठरत नाही, आणि त्यात व्यावसायिक वापर वगळलेला नाही. त्यामुळे शिल्पकार राम सुतार यांनी घडवलेल्या केवडियातील सरदार पटेलांच्या 182 मीटर उंच पुतळ्याचे स्वतः काढलेले छायाचित्र पोस्टकार्डावर छापण्यास शिल्पाच्या कॉपीराइटची आडकाठी येत नाही.

मात्र ‘कायमस्वरूपी’ हा शब्द नजरेआड करू नये. मंडळाची गणेशमूर्ती दहा दिवसांनी विसर्जित होते, म्हणून तिच्या पोस्टरसाठी मूर्तिकाराची लेखी संमती घेणेच शहाणपणाचे आहे. भिंतीवरचे चित्र म्हणजे शिल्प नव्हे, त्यामुळे तेही या सवलतीत आपोआप बसत नाही. शिवाय सवलत चित्राला आहे, प्रतिकृतीला नाही: छायाचित्रावरून लहान मूर्ती ओतून विकायची असेल, तर शिल्पकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे मोजावी लागतात. 1947 मध्ये निवर्तलेल्या गणपतराव म्हात्रे यांच्या शिल्पांची मुदत 2007 अखेर संपली. 1967 मध्ये निवर्तलेल्या वि. पां. करमरकरांची 2027 अखेर संपेल.

महाराष्ट्रात खरी गफलत होते ती वेगळ्याच कायद्यात. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावे व चित्रे आहेत, आणि केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. छायाचित्र तुमचे, पुतळा चौकातला, कॉपीराइटचा प्रश्न मिटलेला, तरी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मसाल्याच्या पाकिटावर आला की हा कायदा आडवा येतो. कॅलेंडरला सूट आहे, पण त्यावर फक्त ते तयार करणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव असावे आणि मालाची जाहिरात नसावी. महाराजांच्या चित्राखाली दुकानाचा पत्ता, फोन आणि ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे’ अशी ओळ असलेली कॅलेंडरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

इंटरनेटवरून उतरवलेले छायाचित्र वापरल्यास शिल्पकार नव्हे, तर छायाचित्रकार हरकत घेतो. म्हणून स्वतःची मूळ फाइल तारखेसह जपावी. नोटीस आलीच, तर तक्रार पुतळ्याबद्दल आहे की छायाचित्राबद्दल, हे आधी पाहावे.

परदेशातील वाचकांनी भारतीय सवलत तिकडे गृहीत धरू नये. अमेरिकेत ती शिल्पांना नाही: वॉशिंग्टनमधील कोरियन युद्ध स्मारकाचे छायाचित्र टपाल तिकिटावर छापताना टपाल खात्याने छायाचित्रकाराला पैसे दिले होते, शिल्पकार फ्रँक गेलॉर्ड यांना मात्र विचारले नव्हते, आणि पुढे न्यायालयाने त्यांना 6,84,844 डॉलर मंजूर केले.