मंगळाच्या फोटोत जुनी नदी शोधताय? या चुका टाळा

मंगळाचे यानांनी काढलेले फोटो आता कुणालाही फुकट बघायला मिळतात, त्यामुळे घरबसल्या जुन्या नद्या शोधणारे बरेच झालेत. मला याचा खरंच आनंद आहे, पण त्याच त्याच चुका दिसतात म्हणून लिहितोय.

निळं दिसलं की पाणी, हे आधी डोक्यातून काढा. तो रंग प्रोसेसिंगमध्ये वाढवलेला असतो, निळसर पट्टे बहुतेक वेळा बेसॉल्टच्या (थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक) वाळूचे असतात. खड्डा टेकडीसारखा वर आलेला दिसत असेल तर फोटो उलटा फिरवून बघा, ऊन वरून आलं की डोळा फसत नाही.

खरी मोठी चूक पुढे आहे. नागमोडी खाच दिसली की नदी! अहो, लाव्हा पण अशाच खाचा पाडतो, म्हणून खाच कुठे जाऊन संपते ते बघा. जेझेरो हे साधारण 45 किमी रुंदीचं विवर, त्याच्या पश्चिम काठातून दरी आत शिरते आणि पुढे पंख्यासारखा गाळ पसरलेला दिसतो, आता नदीचा वेग साचलेल्या पाण्यात मोडला की ती गाळ असाच टाकते, म्हणजे तिथे तळं होतं. शिवाय चिकणमातीची खनिजं आणि कार्बोनेट, म्हणजे सहसा पाण्याच्या संगतीत बनणारी खनिजं, पण तिथे सापडलीत, म्हणून तर 2021 मध्ये नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर तिथे उतरवला. नुसत्या आकारावर जाऊ नका, खनिज काय म्हणतंय ते पण बघा.

गोल दगडांचंही तसंच. गेल विवरात 2012 मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरला दिसलेले गोटे वाहत्या पाण्यात घासलेले, कारण एवढे गोटे वारा लोळवत नाही. पण 2004 मध्ये ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला दिसलेल्या हेमेटाइटच्या (लोखंडाचं खनिज) बारीक गोळ्या नदीतल्या नाहीत, त्या खडकात मुरलेल्या पाण्यातून आतच तयार झाल्या.

आणि काळ मिसळू नका. दऱ्यांची जाळी बहुतेक साडेतीन अब्ज वर्षांहून जुनी, आज हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, पाणी टिकणार कसं? उतारावरच्या काळ्या रेघांना 2015 मध्ये खारट पाणी म्हटलं होतं, 2017 च्या अभ्यासात ती कोरडी घसरणारी वाळू असावी असं निघालं, तरी जुनी बातमी अजून फॉरवर्ड होतेय.

डोळा तयार करायचा तर आपलं लोणार आहे, तेही बेसॉल्टमधलंच धडकेचं विवर. ईशान्येकडून धारेचा ओढा आत उतरतो, त्याने टाकलेला गाळ सॅटेलाइट मॅपवर नीट बघा आणि मग जेझेरो उघडा.