‘रक्तचंद्रा’चा फॉरवर्ड आला तर

मी वसईच्या पाचूबंदरची कोळीण. रविवारी पोरांना धर्मशिक्षण देते. ग्रहण जवळ आलं की ग्रुपवर ‘रक्तचंद्र, शेवटचा काळ’ सुरू होतंच. ७ सप्टेंबर २०२५ला, ८२ मिनिटांच्या खग्रास चंद्रग्रहणाआधी, तर पोरं घाबरूनच आली. तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय.

आधी तिथी विचारायची. येशू क्रूसावर असताना दुपारी बारा ते तीन अंधार पडला असं बायबलात आहे, नि कोणी त्याला सूर्यग्रहण म्हणतं. सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं. येशूला क्रूसावर दिलं ते वल्हांडणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण हा यहुद्यांचा पौर्णिमेचा सण. म्हणजे तो अंधार सूर्यग्रहणाचा नव्हे. शिवाय खग्रास सूर्यग्रहण एका जागी साडेसात मिनिटांवर टिकतच नाही. आमच्या आजोबांना एवढं शाळेविना कळलं असतं. (उधाण दोन्ही तिथींना येतं म्हणा, पण काळोख नि चांदणं कोण चुकेल?)

मग तांबडा रंग. अंधाऱ्या खोलीत उंच ग्लासभर पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका, पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा. बाजूने पाणी निळसर दिसतं, समोरून टॉर्च नारिंगी. निळा उजेड विखुरतो, तांबडा पार होतो. पृथ्वीच्या हवेतून वळून गेलेला तोच तांबडा उजेड ग्रहणातल्या चंद्रावर पडतो. दूध जपून टाका. पहिल्यांदा मी चमचाभर ओतलं नि सगळंच पांढरं झालं.

त्यानंतर बायबलातलं वचन अख्ख्या अध्यायासकट वाचा. चंद्र रक्तासारखा होईल हे योएल संदेष्ट्याचं. प्रेषितांच्या कृत्यांत, दुसऱ्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र ते पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाला लावतो. यशया संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात सूर्य-चंद्र काळवंडतात ते बाबेलच्या नाशासाठी. राज्य कोसळतं तेव्हा संदेष्टे असं बोलतात. आपणही डोक्यावर आभाळ कोसळलं म्हणतो, छत्री उघडत नाही.

विज्ञानवालेही कधी ओढाताण करतात. इ.स. ३३च्या ३ एप्रिलला (काही जण हाच क्रूसाचा दिवस मानतात) यरुशलेमात ग्रहण लागलेला चंद्र उगवला, हे गणित बरोबर. पण पेत्र त्याबद्दलच बोलत होता हे मला पटत नाही. येशूच्या जन्मावेळच्या बेथलेहेमच्या ताऱ्याचंही तसंच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने इ.स.पू. ७मधली गुरू-शनीची जवळीक मोजली, नि काही जण तोच तो तारा म्हणतात. पण त्या वेळी दोघांत साधारण एक अंश अंतर होतं. हात लांब करून करंगळी आकाशाला लावा, तिची रुंदी तेवढीच. एक तारा कसा दिसेल? २१ डिसेंबर २०२०ला आम्ही बंदरावरून पाहिले तेव्हा अंतर त्याच्या दहाव्या हिश्शाचं होतं, तरी दोन ठिपके वेगळे कळत होते. आणि मत्तयच्या शुभवर्तमानातला तारा तर पुढे चालत जाऊन बाळ होतं तिथे थांबतो. तो कुठल्या ग्रहाला जमणार? तिथे मी गणित मिटवते नि पोरांना मागी लोकांनी, म्हणजे ताऱ्यामागून आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी, बाळाला दिलेल्या भेटवस्तू मोजायला लावते: सोनं, ऊद, गंधरस.