लाकडी सांगाड्याच्या जुन्या ट्रेलरचा पत्रा कसा उतरवावा

अमेरिकेत १९५० आणि १९६०च्या दशकांत तयार झालेल्या, शास्ता या ब्रँडसारख्या लहान प्रवासी ट्रेलरांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असून त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा स्टेपल आणि स्क्रूंनी बसवलेला असतो. पुढील कृती अशाच ट्रेलरांसाठी आहे. एअरस्ट्रीम या दुसऱ्या ब्रँडच्या ट्रेलरचा पत्रा रिव्हेटांनी जोडलेला असतो आणि गाडीचा भारही पेलतो, त्यामुळे त्याला ही रीत लावू नये.

ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना ठोकळे आणि चारही कोपऱ्यांना जॅक लावावेत. विजेची जोडणी व बॅटरी सोडवावी आणि गॅसचे सिलिंडर दूर ठेवावे. पत्रा निघाला की सांगाड्याचा आधार बराच कमी होतो व भिंती कलू लागतात. म्हणून आधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावेत, आतून तिरप्या पट्ट्या ठोकाव्यात आणि आतले प्लायवूड मात्र त्याच वेळी काढू नये. ही खबरदारी टाळली, तर पुढे दार बसेनासे होते.

मग दिवे, झरोके, खिडक्या आणि दार, प्रत्येकाचे छायाचित्र घेऊनच उतरवावे. खरी चिकाटी लागते ती भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला. तिच्या खाचेतील प्लास्टिकची फीत ओढून काढली की स्क्रू दिसतात. त्यांतले बरेच गंजून पत्र्याशी एकजीव झालेले असतात, म्हणून ते जोराने पिळण्यापेक्षा गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे आणि तरीही न हललेल्या स्क्रूचे डोके ड्रिलने उडवावे. खालची पुट्टी वाळून दगडासारखी झालेली असल्यास हीट गनने हलकी ऊब द्यावी आणि प्लास्टिकच्या पातीने ती सोडवावी, कारण लोखंडी पटाशीने पत्र्याला पडलेला पोचा सहसा पूर्ण निघत नाही. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो तापवू नये आणि कोरडा घासूही नये.

आता पत्रा. मुळात बाजूचे पत्रे बहुधा खालून वर बसवलेले असतात आणि वरच्याची दुमड खालच्याच्या काठावर अडकून त्याचे स्टेपल झाकते. त्यामुळे उतरवताना आधी छत, पुढचा व मागचा भाग आणि मग बाजूचे पत्रे वरून खाली, असा उलटा क्रम ठेवावा. स्टेपल पकडीने एकेक उपटावे. सांध्यात बोटे घालण्याऐवजी बोथट पाती सरकवावी, कारण पत्र्याची कड सुरीसारखी कापते. जाड हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये. मोठा पत्रा वाऱ्यात कागदासारखा मुरडतो, म्हणून दोन माणसे हवीत. आतली फायबरग्लासची उष्णतारोधक लादी काढताना मास्क लावावा. उंदरांची लेंडी दिसली तर ती झाडू नये, जंतुनाशकाने भिजवून पुसून घ्यावी.

प्रत्येक पत्र्याच्या आतल्या बाजूला क्रमांक, वरची दिशा आणि डावी-उजवी बाजू लिहून तो सपाट ठेवावा किंवा सैल गुंडाळी करावी; घडी कधीही घालू नये. फाटलेला पत्राही टाकू नये, कारण नव्या पत्र्यावर खिडक्यांची भोके आखायला तोच नमुना लागतो. कुजलेल्या लाकडालाही हेच लागू आहे: वळणदार पट्टीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेईपर्यंत ती जागची हलवू नये.