मुलांना ख्रिस्ती विश्वास घरातच कसा शिकवावा

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (अध्याय 6, वचन 7) आईवडिलांना देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे, ते घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. या सगळ्या रोजच्याच वेळा आहेत. म्हणून दिवसात जे घडतेच, त्यातल्याच एका गोष्टीला प्रार्थना जोडा.

वेळ ठरवा. रात्रीचे जेवण झाल्यावर किंवा निजण्यापूर्वी, पण एकच. पाच वर्षांखालच्या मुलांना पाच मिनिटे, शाळकरी मुलांना दहा मिनिटे पुरतात. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाची उपासना सुरू केली की मुले कंटाळतात, मोठेही थकतात आणि लवकरच सगळे बंद पडते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. राहिले तिथून पुढे चला.

वाचन. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचे आहे आणि त्यातल्या घटना भराभर घडतात. एका वेळी एकच प्रसंग, आठ-दहा वचने (अध्यायातली क्रमांक दिलेली वाक्ये). लहानग्यांना तोच प्रसंग आठवडाभर सांगितला तरी चालतो, उलट त्यांना तेच आवडते. वाचल्यावर विचारा: येशूने काय केले? तुला यातले काय आवडले, काय कळले नाही?

इथे एक मोठी चूक होते. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘म्हणून तूही शहाण्यासारखा वाग’ असे जोडले जाते. मग येशू फक्त चांगल्या मुलांवर प्रेम करतो, अशी मुलांची समजूत होते. लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीत, घर सोडून गेलेला उधळ्या मुलगा परत येताना दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. मुलगा पापाची कबुली देतो ती त्यानंतर. हा क्रम मुलांना मुद्दाम दाखवा. वागण्याबद्दल बोलायचे असेल तर वेगळ्या वेळी बोला.

त्याच कारणाने, ‘देव शिक्षा करील’ ही धमकी घरात कधीच वापरू नका. तुम्ही मुलावर विनाकारण ओरडलात तर त्याच्यासमोर बसून म्हणा, ‘मी चुकलो, मला माफ कर.’ त्यापुढे ‘पण तूसुद्धा...’ नको. क्षमा मागणे आणि करणे मूल यातूनच शिकते. याची जागा दुसरा कोणताही पाठ घेऊ शकत नाही.

प्रार्थना. चार छोटी वाक्ये पुरे: आभार, क्षमा, दुसऱ्यासाठी मागणे, स्वतःसाठी मागणे. प्रभूची प्रार्थना (मत्तय 6:9-13) आठवड्याला एक ओळ या गतीने, अर्थ सांगत शिकवा. मुलाने सायकलसाठी प्रार्थना केली तर हसू नका, सुधारूही नका. मोठ्याने प्रार्थना करायची लाज वाटत असेल तर ‘आमेन’ एवढेच म्हणू द्या.

मुखपाठ. दोनच वचनांच्या स्तोत्र 117 ने सुरुवात करा, मग स्तोत्र 23 घ्या. त्यात सहा वचने आहेत. आठवड्याला एक घेतले तर दीड महिन्यात पाठ होते. भाषांतर मात्र एकच ठेवा, नाहीतर शब्द मिसळतात आणि मूल अडखळते.

अवघड प्रश्न. ‘आजी बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली, तरी ती का गेली?’ याला घाईने गोड उत्तर देऊ नका. ‘मलाही पूर्ण कळत नाही’ असे म्हणणे प्रामाणिक आहे. मग वधस्तंभावरच्या मरणाच्या आदल्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतला येशू दाखवा: त्यानेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले होते. स्तोत्र 13 एकत्र वाचा. त्यात देवाकडे उघड तक्रार आहे, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

किशोरवयात मूल वाचनाला बसायला नकार देऊ शकते. तेव्हा सक्ती आणि टोमणे दोन्ही टाळा. जेवणापूर्वीची छोटी प्रार्थना चालू ठेवा, त्याला स्वतःचे बायबल द्या आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) एखाद्या विश्वासू थोरल्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलू द्या. त्या बोलण्यात काय झाले, हे घरी आल्यावर खोदून विचारू नका.